वायकीकीचा बाक आणि बंडगार्डनचा फुटपाथ

मुळामुठा · सोमवार, रात्री ९.४०

लेकीकडे हवाईतल्या होनोलुलूला तीन महिने राहून गेल्या महिन्यात पुण्याला परतले. तिथलं एक दृश्य आणि इथलं एक, दोन्ही डोळ्यांपुढून हलत नाहीत. म्हणून हा धागा. लांबलाय, पण पूर्ण वाचा ही विनंती.

लेकीचं घर वायकीकीच्या किनाऱ्यापासून चालत वीस मिनिटांवर. सुरुवातीला झोपेचं गणितच बसेना, पहाटे साडेचारला टक्क जाग यायची. मग समुद्रावर जायचे. वायकीकी म्हणजे पर्यटकांची पंढरी. कालाकाउआ ॲव्हेन्यूवर घड्याळांची, पर्सची, दागिन्यांची दुकानं आणि मोठमोठी हॉटेलं. १९०१ सालचं मोआना, १९२७ सालचं गुलाबी रॉयल हवाईयन. चांगल्या हॉटेलातल्या एका रात्रीचं भाडं म्हणजे आपल्याकडे धुणंभांडी करणाऱ्या मावशींची दोन-तीन महिन्यांची कमाई.

पोहून आलेल्यांनी वाळू धुवावी म्हणून किनाऱ्यावर उघडे शॉवर आहेत. तिथे रोज एक बाई दिसायची, माझ्याच वयाची. अंगावरच्या कपड्यांनिशी आंघोळ करायची, एकच स्लिपरचा जोड घासूनपुसून स्वच्छ करायची. मग निळी ताडपत्री अशी घडी करायची, की आपण पैठणीची काय करू. घडी ढकलगाडीत, गाडी झाडामागे. सहाच्या सुमाराला हॉटेलची पोरं खुर्च्या आणि गाद्या मांडायला यायची, तोवर ही तिथे होती याची खूणसुद्धा उरलेली नसायची.

पाचव्या-सहाव्या दिवशी ती म्हणाली, "मॉर्निंग, आँटी." तिथे वयानं मोठ्या बाईला आँटीच म्हणतात. मला एकदम सदाशिव पेठेत असल्यासारखं वाटलं. बोलायला लागलो. आठवड्यातले चार दिवस ती एका हॉटेलात खोल्या आवरायचं काम करत होती. चादरी बदलायच्या, उशांचे अभ्रे चढवायचे. घरमालकानं जागा विकली, नवं भाडं झेपेना, आधी बहिणीकडे, मग गाडीत, मग गाडीही गेली. मी विचारलं, दिवसा दमल्यावर कुठे टेकतेस? तिनं बाक दाखवला. बाकाच्या मधोमध लोखंडी दांडा. बसता येतं, आडवं होता येत नाही. वायकीकीच्या फुटपाथवर तर २०१४ पासून बसायला आणि आडवं व्हायला कायद्यानंच बंदी आहे.

आता पुणं. बहीण कल्याणीनगरला राहते. परवा रात्री साडेदहाला तिच्याकडून निघाले, रिक्षा मिळेना, म्हणून बंडगार्डनच्या बाजूला चालत आले. दिव्याच्या खांबाखाली एक कुटुंब झोपलेलं. आईनं ओढणीचं एक टोक दीड-दोन वर्षांच्या पोराच्या घोट्याला बांधलं होतं आणि दुसरं स्वतःच्या मनगटाला. झोपेत पोरगं लोळत रस्त्यावर जाऊ नये म्हणून. ती जागीच होती. मी तिथेच कठड्यावर बसले. वाशीम जिल्ह्यातली माणसं. नवरा बिगारी, सकाळी रोजंदारीच्या कामासाठी मजूर अड्ड्यावर उभा राहतो. मी विचारलं, दिव्याखाली कशाला, डोळ्यांवर उजेड येत नाही का? म्हणाली, "अंधारात बाईमाणसानं कसं झोपावं ताई? आणि इथं गाड्यांच्या वाऱ्यानं डास बसत नाहीत." मग थोडं थांबून म्हणाली, "दिवसा बसू देतात. झोपू देत नाहीत."

दोन बायका, दोन समुद्रांपलीकडच्या, आणि वाक्य एकच. त्या दोघी ज्या गावाची कामं करतात त्याच गावाला त्यांना झोपायला जागा देता येत नाही, हे मला पचत नाहीये. तुमच्या आसपास काय आहे? काय करता येईल? मनापासून लिहा.

शर्वरी_७४ · सोमवार, रात्री १०.१५

ओढणीचं वाचून पुढे वाचवेना. माझा मुलगा त्याच वयाचा आहे, त्याच्या पलंगाला चारही बाजूंनी कठडे आहेत.

लेन_पाच · सोमवार, रात्री ११.०५

ताई, तळमळ पोचली. पण मी दुसरी बाजू मांडणार आहे, राग मानू नका.

मी कोरेगाव पार्कातल्या एका सोसायटीचा सेक्रेटरी आहे. आमच्या भिंतीलगतच्या फुटपाथवर चार वर्षांपासून कुटुंबं येतात. माझी आई ७८ वर्षांची. फुटपाथवर चुली आणि बिछाने, म्हणून ती रस्त्यावरून चालत होती. दुचाकीचा धक्का लागला, खुब्याचं हाड मोडलं. सकाळी शाळेच्या बसला मुलं उभी राहतात तिथेच शौचाला बसलेलं असतं. मला त्या माणसांचा राग नाही, त्यांना दुसरी सोय नाही हे दिसतं. पण फुटपाथ चालण्यासाठी आहे, आणि त्याच्यावर म्हाताऱ्या माणसाचाही हक्क आहे. तक्रार केली की अतिक्रमणची गाडी येते, सामान उचलते, आठ दिवसांत पुन्हा जैसे थे. मलाही हा मार्ग नको आहे. मग कुठला, ते सांगा.

मुळामुठा · सोमवार, रात्री ११.३०

राग कशाचा? आईंची तब्येत कशी आहे आता? तुमचा प्रश्न खराच आहे. फक्त एवढंच म्हणेन, आईंचं हाड आणि त्या पोराचा घोटा, दोन्ही एकाच गोष्टीनं धोक्यात आलेत.

लेन_पाच · सोमवार, रात्री ११.४२

वॉकर घेऊन चालते. विचारलंत, बरं वाटलं.

साइटवाला · मंगळवार, सकाळी ७.२०

अठरा वर्षं बांधकामावर आहे, आधी सुपरवायझर, आता साइट इंजिनिअर. ही माणसं फुटपाथवर कशी पोचतात ते मी जवळून पाहिलंय, म्हणून सविस्तर लिहितो.

आमच्याकडे दोन तऱ्हेचे मजूर. एक, ठेकेदाराचे. मुकादम गावात जाऊन उचल देतो, टोळी घेऊन येतो, त्यांना लेबर कॅम्पात पत्र्याची खोली मिळते. दुसरे, अड्ड्यावरचे. विदर्भात कापूस वेचून संपला, मराठवाड्यात सोयाबीन निघालं, की हातात काम नसतं. नात्यातला कोणी म्हणतो, पुण्याला रोज मिळतो, या. रात्रीच्या गाडीनं येतात. ज्याच्या भरवशावर आले त्याचा फोन लागत नाही, किंवा त्याची स्वतःची दहा बाय दहाची खोली भरलेली असते. भाड्याची खोली घ्यायची तर डिपॉझिट लागतं, आधार कार्डाची प्रत लागते, आणि मालक विचारतो, किती माणसं? आठ म्हटलं की दार बंद. मग पहिली रात्र फुटपाथवर. म्हणतात एकच रात्र. ती संपत नाही.

डिसेंबर २०२४ मध्ये वाघोलीला केसनंद फाट्याजवळ काय झालं ते विसरला नसाल. मध्यरात्रीनंतर डंपर फुटपाथवर चढला. तिघं गेली, त्यात दोन अगदी लहान मुलं. सहा जण जखमी. अमरावतीकडून कामासाठी आलेली माणसं होती. माझी साइट तिथून फार लांब नव्हती. दुसऱ्या दिवशी स्लॅब होता. मजूर आले, कोणी कोणाशी बोलत नव्हतं. काँक्रीट ओतताना एरवी जी हाळी असते, ती नव्हती.

कायदा काय सांगतो? बांधकाम कामगारांसाठी १९९६ चा केंद्राचा कायदा होता, २०२५ मध्ये तो नव्या कामगार संहितांत गेला. त्याच्या ३४व्या कलमात मालकानं साइटवर किंवा जवळ मजुराला राहायला तात्पुरती जागा फुकट द्यायची, स्वयंपाकाची, आंघोळीची, संडासची सोय वेगळी करायची, असं स्पष्ट लिहिलं होतं. शिवाय बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर जातो, तो या लोकांच्याच कल्याणासाठी. पण नोंदणीला वर्षातले ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. अड्ड्यावरचा माणूस आज माझ्याकडे, उद्या दुसऱ्याकडे. दाखला द्यायचा कोणी? त्याला मालकच नाही, म्हणून ३४वं कलमही नव्हतं.

माझ्याही हातून झालंय ते सांगतो. मागच्या एका साइटवर अड्ड्यावरून आणलेल्या सहा जणांनी रात्री पार्किंगच्या स्लॅबखाली झोपू का विचारलं. वरून 'नाही' असं उत्तर आलं, विम्याचं कारण. मी त्यांना 'नाही' म्हणून सांगितलं. ते समोरच्या दुभाजकावर झोपले. छप्पर त्यांनीच दुपारी सेंटरिंग (स्लॅबखालचे टेकू आणि फळ्या) काढून मोकळं केलेलं होतं.

गोदाकाठ · मंगळवार, सकाळी ९.१०

साइटवाला, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला.

मी परभणीकडचा. स्पर्धा परीक्षेला पुण्यात आलो तेव्हा खोली ठरवली होती ती ऐनवेळी गेली. अकरा रात्री स्टेशनवर काढल्या. दिवसा सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत, रात्री फलाटावर. मला कोणी एकदाही उठवलं नाही. शर्टाला इस्त्री असायची, उशाला पुस्तकांची बॅग. शेजारी एक वयस्कर माणूस झोपायचा, डोक्याखाली गोणपाट. त्याला रोज रात्री काठीनं उठवायचे. तिकीट दोघांकडेही नसायचं. एकदा मी म्हणालो, हे माझे काका आहेत. त्या रात्री त्याला झोपू दिलं. सकाळी त्यानं मला चहा पाजला, पैसे घेऊ दिले नाहीत.

आज माझं स्वतःचं घर आहे, धायरीला. तो माणूस कुठे आहे माहीत नाही.

ओआहूकर · मंगळवार, सकाळी ११.५५

मुळामुठाताई, मी ओआहू बेटावर (होनोलुलू याच बेटावर) बावीस वर्षं आहे. तुम्ही तीन महिन्यांत जे पाहिलंत ते आमच्या इथले कित्येक जण आयुष्यभर बघत नाहीत. थोडी भर घालतो.

वायकीकी पूर्वी पाणथळ होतं. तिथे अळूची शेतं होती (हो, आपलंच अळू, फक्त इथे कंद मुख्य अन्न), माशांची तळी होती. १९२० च्या दशकात आला वाई कालवा खोदून पाणी वळवलं, जमीन कोरडी केली आणि त्या जागेवर आजचं वायकीकी उभं राहिलं. म्हणजे ज्यांची शेती गेली त्यांच्या जमिनीवर ही हॉटेलं आहेत. बेघरांमध्ये मूळ हवाईयन आणि पॅसिफिक बेटांवरच्या लोकांचं प्रमाण त्यांच्या लोकसंख्येच्या मानानं फार जास्त आहे. स्वतःच्याच बेटावर. २०१५ च्या ऑक्टोबरात गव्हर्नरनी बेघरांच्या प्रश्नावर आणीबाणी जाहीर केली होती, इतकी वेळ आली.

फुटपाथवरच्या सामानाला इथेही आधी नोटिशीची चिठ्ठी लावतात आणि मग सामान उचलतात. लोक चिठ्ठी बघून रस्ता ओलांडतात, दोन दिवसांनी परत येतात. लेन_पाच म्हणतात ते "जैसे थे" अगदी असंच.

पण एक गोष्ट वेगळी घडली. बेटाच्या पश्चिमेला वाइआनाए बंदराशेजारी दोनशेच्या वर माणसांची वस्ती होती, पुउहोनुआ ओ वाइआनाए. पुउहोनुआ म्हणजे अभयस्थान. ट्विंकल बोर्ज ही स्वतः तिथेच राहणारी बाई तिची पुढारी. चोरी नाही, आवाज नाही, साफसफाई पाळीपाळीनं, असे वस्तीचे नियम होते. हटवायची वेळ आली तेव्हा त्यांनी देणग्या उभ्या केल्या आणि २०२० मध्ये वाइआनाए खोऱ्यात वीस एकर जमीन विकत घेतली, आपलं गाव वसवायला. आधी त्यांना विचारलं गेलं नव्हतं. त्यांनी स्वतः सांगितलं, आम्हाला एकमेकांपासून तोडू नका.

कायदेकानू · मंगळवार, दुपारी १.३०

कायद्याचं थोडक्यात. मुंबईच्या फुटपाथवासीयांच्या ओल्गा टेलिस खटल्यात १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी सांगितलं, की जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो. माणूस फुटपाथवर राहतो तो काम जवळ असतं म्हणून. त्याच निकालानं नोटीस देऊन हटवायला परवानगीही दिली, फक्त त्या वर्षी ३१ ऑक्टोबरपर्यंत, पावसाळा सरेपर्यंत, थांबायला सांगितलं. पहिला भाग आम्ही भाषणांत वापरतो, दुसरा पालिका वापरते.

२०१० मध्ये रात्र निवाऱ्यांबद्दल सर्वोच्च न्यायालयाचे आदेश झाले. मोठ्या शहरांत लाख लोकसंख्येमागे एक निवारा, चोवीस तास उघडा. २०११ च्या जनगणनेत पुणे शहर ३१ लाखांचं होतं. म्हणजे तेव्हाच्याच हिशेबानं ३१ हवेत, आणि शहर तेव्हापासून कुठल्या कुठे पसरलंय. त्याच जनगणनेत २८ फेब्रुवारीच्या रात्री बेघरांची मोजणी झाली, देशात १७.७ लाख. एका रात्रीत, पुलाखाली, सिमेंटच्या पाइपांत, देवळांच्या ओसरीवर शोधून जे सापडले तेवढेच.

आणि आपल्याकडे अजून १९५९ चा भीक प्रतिबंधक कायदा आहे. काही साधन नसताना भटकणारा माणूसही त्यात भिकारी ठरू शकतो. अमेरिकेत जून २०२४ मध्ये ग्रँट्स पास खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं ६ विरुद्ध ३ मतांनी उघड्यावर झोपण्यावरची बंदी वैध धरली. निवाऱ्यात जागा नसली तरी शिक्षा करता येईल, असा त्याचा अर्थ. मला तो निकाल चुकीचा वाटतो. झोप हा गुन्हा करता येत नाही.

शर्वरी_७४ · मंगळवार, दुपारी ३.००

मग निवारे आहेत तिथे ही माणसं जात का नाहीत? खरंच विचारतेय, टीका म्हणून नाही.

निवारा_रात्रपाळी · बुधवार, पहाटे ४.४५

शर्वरीताई, मी सांगतो. स्टेशनपासून जवळ असलेल्या एका निवाऱ्यात मी काळजीवाहक आहे. आत्ता आत ४६ माणसं झोपलीत, बाहेर घोरण्याचा आवाज येतोय, आणि मी हे लिहितोय.

आमचा निवारा पुरुषांचा. वाशीमची ती ताई आली तर तिच्या नवऱ्याला घेईन, तिला दुसऱ्या ठिकाणी पाठवावं लागेल, पोरासकट. परक्या गावात बाई नवऱ्यापासून वेगळी झोपायला तयार होत नाही, आणि तिचं बरोबर आहे. दुसरं, सामान. भांडी, स्टोव्ह, घमेलं, फावडं. आमच्याकडे माणसागणिक एक छोटं कपाट. फावडं त्यात बसत नाही, आणि फावडं गेलं तर उद्याचा रोज गेला. तिसरं, अड्डा. सकाळी सातला अड्ड्यावर उभं नाही राहिलं तर दिवस वाया. इथून वारजे किंवा कात्रज गाठायचं तर येण्याजाण्यातच पैसे जातात. म्हणून अड्ड्याजवळचा फुटपाथ.

चौथं तुम्ही दान करणारी मंडळी ऐका. थंडीत लोक रात्री गाडीतून येऊन ब्लँकेटं देतात. चांगलंच करतात. पण एकेकाकडे चार-चार होतात, ती दिवसा ठेवायची कुठे? मग तीच उचलून नेली जातात.

येतात कोण? ससून रुग्णालयात पेशंट असतात त्यांचे नातेवाईक. हॉटेलात भांडी घासणारी पोरं. आणि म्हातारी माणसं, शहरातलीच. एक आजोबा दोन वर्षांपासून आहेत. आमच्या रजिस्टरात "कायमचा पत्ता" असा रकाना आहे. रोज रात्री मी विचारतो, नियम आहे. रोज ते पेठेतला तोच पत्ता सांगतात, घर क्रमांकासकट, जिन्याखालची खोली. तो वाडा पडून बारा वर्षं झाली, तिथे इमारत आहे. भाडेकरू म्हणून त्यांच्या वाट्याला काही आलं नाही. मी रोज तोच पत्ता लिहितो. एकदा घाईत नुसतं "बेघर" लिहिलं, तर त्यांनी चष्मा काढून वाचलं आणि म्हणाले, खोडा ते.

मला विचाराल तर शहराला हवेत ते कुटुंबाचे निवारे, अड्ड्यापासून चालत दहा मिनिटांवर, आणि सामानाला मोठं कुलूपबंद कपाट. बाकी नंतर.

साइटवाला · बुधवार, सकाळी ८.०५

"खोडा ते." नमस्कार सांगा आजोबांना.

फावड्याचं शंभर टक्के खरं. अड्ड्याजवळ नुसतं अवजारं ठेवायला शेड केलं तरी निम्मी माणसं आत झोपायला तयार होतील. मी आमच्या बिल्डर मंडळींच्या बैठकीत हा विषय काढणार आहे. चालू साइटवर पुढच्या महिन्यात तळमजल्याचं पार्किंग मोकळं होतंय. रात्रपाळीचा वॉचमन आहे, दोन संडास आहेत. विम्याचं मी स्वतः विचारून घेतो.

लेन_पाच · बुधवार, रात्री ९.५०

काल रात्री निवाऱ्याचा प्रतिसाद नव्हता आला तेव्हाच आमच्या भिंतीपाशी गेलो होतो. चार वर्षांत पहिल्यांदा बोललो. आमच्याच लेनमधल्या नव्या इमारतीच्या फरश्या ते कुटुंब बसवतंय. मी रोज त्या इमारतीवरून जातो.

सोसायटीच्या कमिटीत आज विषय ठेवला. दीड तास चालला, सगळे तयार नाहीत. ठरलं एवढंच: मागच्या गेटचा नळ आणि ड्रायव्हर लोकांचा संडास सकाळी ५.३० ते ७ उघडा राहील. चूल फुटपाथच्या तोंडाशी न मांडता भिंतीच्या कोपऱ्यात मांडायची, म्हणजे चालायला तीन फूट मोकळे राहतील. त्यांनी लगेच मान्य केलं. खरं तर कोपरा त्यांनीच सुचवला. आई उद्या वॉकर घेऊन बघणार आहे.

मुळामुठा · गुरुवार, रात्री ८.२०

लेन_पाच, तुम्हाला आणि आईंना नमस्कार.

काल पुन्हा बंडगार्डनला गेले. सोबत ब्लँकेट नेलं नाही. काय हवंय ते आधी विचारलं. ती विचारात पडली. मला वाटलं खोली म्हणेल, पैसे म्हणेल. तिनं गाठोड्यातून एक प्लॅस्टिकची पिशवी काढली, आत आणखी एक, तिच्या आत आधार कार्डं, पोराचा जन्मदाखला, गावचं रेशनकार्ड, लसीकरणाचं कार्ड. दाखल्याची एक कड पावसानं गेलेली. म्हणाली, "एवढं कुठं ठेवाल का? रात्री हे पोटाखाली घेऊन झोपते, म्हणून कूस बदलता येत नाही."

बहिणीच्या घरी कपाटात ठेवलंय. प्रती काढून, लॅमिनेट करून एक संच तिला दिला. शनिवारी सकाळी अंगणवाडीत पोराचं नाव घालायला जायचंय, तेव्हा मूळ कागद घेऊन जाईन. निवारा_रात्रपाळी, कुटुंबासाठी जागा असलेलं ठिकाण तुम्हाला माहीत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. शर्वरी, तू येणार असलीस तर साडेनऊला बंडगार्डनच्या पुलापाशी ये.